सगळ्यात नखरेल झाड

नर्सरीच्या रांगेत एक बाई निवडुंगाची छोटीशी कुंडी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या पुढच्या काकूंना मात्र एकही झाड पसंत पडत नव्हतं.

“हे न्या काकू,” नर्सरीवाला म्हणाला. “वसंतभर फुलतं, आठवड्यातून एकदा पाणी घातलं की झालं.”

“नको. रोज पाणी लागणारं दाखवा.”

“मग हे. पण दोन्ही वेळा पाणी, ऊन चढलं की सावलीत सरकवायचं, वाळकी पानं खुडायची...”

“कीड पडते?”

“काळजी घेतली तर नाही...”

“पडू दे, पडू दे. पानं पुसावी लागतात?”

“एकेक! खरं सांगू काकू, हे झाड म्हणजे डोक्याला ताप आहे.”

“असू दे. आमचे हे रिटायर झालेत. काल सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, आज मला कांदा कसा चिरायचा ते शिकवत होते.”

“बरं, ठेवणार कुठे?”

“अंगणाच्या पार टोकाला. स्वयंपाकघरापासून लांब.”

तेवढ्यात काका आले.

“अगं, हे कशाला उचललंस? किती नाजूक असतं! तुला नाही झेपायचं.”

“मला मेलीला कुठलं जमायला!”

“दे इकडे. धड धरतासुद्धा येत नाही.”

काका कुंडी पोटाशी धरून निघाले. मागून काकू हात झुलवत.

“तुमचा निवडुंगच ना ताई?”

“हा ठेवा परत,” बाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात आमचेही रिटायर होताहेत. काकूंनी नेलं, तसली चार द्या.”