ताबा तोंडी द्यायचा असतो

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, संस्थेचे सर्व विश्वस्त, शहराच्या बालकल्याण खात्याकडून आलेले प्रमुख पाहुणे साहेब, उद्यापासून या बालगृहाच्या प्रमुख म्हणून खुर्चीवर बसणाऱ्या मॅडम, आज ती खुर्ची सोडणारे आमचे कंट्रोलर काका, दहा वेळा बोलावूनही स्वयंपाकघराचं दार न सोडणाऱ्या मावशी, आणि समोर मांडी घालून बसलेल्या माझ्या लहान भावंडांनो.

एवढं म्हणतानाच दम लागला. ऑफिसातल्या कारकुनांनी सकाळीच मला बजावलं होतं, "भिंगरी, व्यासपीठावरचा एकही माणूस सुटता कामा नये. त्यानंतर काय वाटेल ते बोल." भिंगरी म्हणजे मी. याच घरात वाढलो, आठवीत शाळा सोडली, आणि आता इथून फार लांब एका बंदरात जहाजांच्या टाक्या आतून घासतो. निवेदकांनी माझी ओळख 'जहाज उद्योगातील तंत्रज्ञ' अशी करून दिली. त्यांचं मन मोठं आहे. तंत्रज्ञ वर उभा असतो आणि खाली बॅटरी मारतो. त्या उजेडात जो दिसतो, तो मी.

प्रमुख पाहुणे साहेबांनी आत्ताच एक मुद्दा मांडला. शहरातल्या मुलांच्या घरांवर जी माणसं प्रमुख म्हणून आली ती आली कुठून, याची त्यांनी चौकशी केली. कुणी फौजेतून, कुणी बँकेतून, कुणी हॉटेलातून, कुणी बसडेपोतून. मुलांचं शास्त्र शिकून आलेला माणूस शोधावा लागतो. साहेब हळहळले, आणि डेपोचं नाव निघाल्यावर सभागृहात हसूही फुटलं. आता साहेबांपुढे मी काय बोलणार? पण या विषयात माझाही थोडा अनुभव आहे. मी तिघांच्या हाताखाली जेवलोय.

पहिले आमचे फौजी आजोबा. त्यांची शिट्टी अजून कानात आहे. पांघरुणाची घडी अशी लागायची, की कडेनं बोट कापावं. तापानं फणफणलेल्या पोरालाही हजेरीला "आजारी, हजर!" असं ओरडावं लागायचं. आम्ही मागून नकला करायचो. पण स्वयंपाकघरात आग लागली, त्या दिवशी एका शिट्टीत सगळी पोरं मैदानात रांगेत उभी होती. मावशी तेवढ्या आत राहिल्या, कारण शिट्टी आपल्यासाठी असते हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. मग आजोबा स्वतः आत गेले आणि त्यांना बाहेर घेऊन आले. दोघंही भांडतच बाहेर पडले.

दुसरे बँकवाले साहेब. माणूस सज्जन. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. फक्त त्यांना आम्ही खात्यांसारखे दिसायचो. एखादं पोरगं लहान मुलांच्या विभागातून मोठ्यांकडे जायचं असलं, की आधी कागद जायचा. कागद वेळेवर पोचायचा. पोरगं अंथरूण काखेत घेऊन जिन्यात बसलेलं असायचं, आणि वरच्यांना वाटायचं ते खाली आहे, खालच्यांना वाटायचं वर गेलं.

आणि तिसरे काका. डेपोत गाड्या सोडणारे कंट्रोलर. त्यांच्या डेपोचा निम्मा भाग बंद झाला, आणि वरच्या अधिकाऱ्यांनी त्यांना उचलून आमच्यात आणून ठेवलं. पहिल्याच दिवशी ते आमच्यासमोर हात जोडून म्हणाले, "मला पोरांतलं काही कळत नाही. मला गाड्या वेळेवर सोडता येतात. तेवढं सांभाळून घ्या." आम्ही काय सांभाळून घेणार! आम्ही पुरेपूर फायदा घेतला. काका कर्ण्यावरून सांगायचे, "दात घासून झालेल्या मुलांनी फलाट मोकळा करावा." व्हरांडा म्हणायचं आहे हे त्यांना मागाहून आठवायचं.

कुणी रडायला लागलं, की त्यांची पंचाईत व्हायची. ते शेजारी येऊन उभे राहायचे, घड्याळ बघायचे आणि अगदी मनापासून विचारायचे, "साधारण किती वेळ लागेल?" रडणारं पोरगं गांगरून जायचं. "दहा मिनिटं," असं काहीतरी सांगून टाकायचं. "बरं. मी थांबतो," म्हणायचे, आणि खरंच थांबायचे.

पण डेपोतली एक रीत त्यांनी बरोबर आणली. तिच्याबद्दल मला बोलायचंय. एक ड्रायव्हर गाडी आणतो, दुसरा ती घेऊन जातो. मधे किल्ली खिळ्याला अडकवून निघून जायचं नसतं. पहिल्यानं गाडीपाशी थांबायचं, दुसरा आला की त्याला तोंडानं सांगायचं. ब्रेक जरा उशिरा धरतो. डावा आरसा थरथरतो. तिसऱ्या गियरला जोर लावू नको. मग उतरायचं. काका म्हणायचे, "कागद नंतर. ताबा आधी तोंडी." आणि इथं आल्यावर त्यांनी त्यात एक कलम वाढवलं. "गाडी बोलत नाही म्हणून ड्रायव्हर बोलतो. पोरं बोलतात. तेव्हा जे सांगायचं ते त्यांच्यासमोर, आणि चुकलं तर त्यांनी मधेच तोडायचं."

मी मोठ्यांच्या विभागात गेलो तेव्हा काकांनी तिथली मुलं सांभाळणाऱ्या दादांना माझ्यासमोर सांगितलं होतं, "हा बसून ऐकत नाही. काही सांगायचं असेल तर याच्याबरोबर चाला." माझ्याबद्दल एवढं खरं तोपर्यंत कुणी बोललं नव्हतं. मी तोडलं नाही.

गेला आठवडाभर काका एकेका मुलाला नव्या मॅडमपुढे बसवून असा ताबा देतायत. माझी धाकटी बहीण टिकली याच घरात असते, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आम्ही एकाच दिवशी इथे आलो, तेव्हा ती माझ्या कडेवर होती. तिची पाळी काकांनी आज सकाळपर्यंत मागे ठेवली. माझ्यासाठी. रक्ताचं माणूस असेल तर आधी त्यानं बोलायचं, असा त्यांचा नियम.

ऑफिसात आम्ही बसलो. मॅडम, काका, टिकली, मी, आणि नेहमीप्रमाणे दाराशी मावशी. काका म्हणाले, "हे बघ भिंगरी. नेणार असशील तर टिकलीचा ताबा मी तुला देतो. नेणार नसशील तर तू मॅडमना दे. मधेच लोंबकळत ठेवायचं नाही."

मंडळी, मी गेली कित्येक वर्षं फोनवर एकच वाक्य म्हणत आलोय. "पुढच्या वर्षी नेतो तुला." मी जिथं राहतो तिथं एक माणूस कामावर गेला की दुसरा त्याच्या गरम पलंगावर आडवा होतो. तिथं मुलीला कुठं ठेवणार? हे खरं आहे. पण हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. पुढचं वर्ष सांगायला सोपं जायचं.

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "मॅडमना देतो."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "सांगा. मी ऐकते."

"हुशार आहे," मी म्हटलं. "शांत आहे."

मावशींना राहवलं नाही. "शांत? ही? अरे, हिच्या बडबडीला कंटाळून झाडावरचे कावळे उठून जातात!"

"चित्रं काढायला आवडतात तिला."

"ते पहिलीत असताना," टिकली म्हणाली.

"झोपताना दिवा लागतो. अंधाराला घाबरते."

"सगळ्यांचा दिवा मीच घालवते, दादा."

तेवढ्यावर माझी माहिती संपली. खरंच सांगतो, काही नव्हतंच माझ्याकडे. काका हळूच म्हणाले, "डावा कान."

"कसला डावा कान?" मी विचारलं.

ते मॅडमकडे वळले. "हिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मोठा ताप आला होता, त्यानंतर. बोलायचं ते उजवीकडून. वर्गात डाव्या भिंतीला बसवायचं, म्हणजे चांगला कान सगळ्यांकडे येतो." मग मला म्हणाले, "तुला कळवायला फोन केला होता. नंबर बदललेला होता."

फोनवर मी तिला किती वेळा झापलं असेल! लक्ष कुठंय तुझं, एकच गोष्ट किती वेळा सांगू, बहिरी झालीस का. हो, हे शब्दसुद्धा. मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू घाईत होतास."

मला वाटलं संपलं. मी उठायला लागलो. तेवढ्यात टिकली काकांना म्हणाली, "आता दादाचा मी देऊ?"

काकांनी विचार केला. "नियमात बसतं. दे."

ती मॅडमकडे तोंड करून सरळ बसली आणि सांगायला लागली. "हा एका जागी टिकत नाही. नोकरी सुटली की फोन करत नाही, नवीन लागली की करतो. जेवलास का विचारलं आणि तो पटकन हो म्हणाला, तर जेवलेला नसतो. थोडा थांबून हो म्हणाला तर जेवलेला असतो. पुढच्या वर्षी नेतो म्हणाला की त्यावर काही विचारायचं नाही. विचारलं तर फोन ठेवतो आणि मग खूप दिवस करत नाही. मी आता नुसतं बरं म्हणते."

मावशी पदरानं कपाळ पुसत होत्या. मॅडमनी विचारलं, "अजून काही?"

टिकलीनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "तो वाईट नाहीये," ती म्हणाली. "फक्त त्याच्या भरवशावर काही ठेवायचं नाही."

रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती ब्रेकबद्दल सांगावं तसं सांगत होती. पुढच्या माणसाची अडचण होऊ नये म्हणून.

मला तोडायचा अधिकार होता. मी तोडलं नाही.

टाकीत उतरल्यावर कधी कधी हवा कमी पडते, तेव्हा कमरेची दोरी हलवायची असते, म्हणजे वरचे ओढून घेतात. सकाळपासून मी इथं वावरतोय, फुलं लावतोय, खुर्च्या मांडतोय, पाहुण्यांना पाणी देतोय, आणि सारखा हात दोरी शोधतोय. माझी तिला जेवढी माहिती, त्याच्या पाव हिश्श्यानंही मला तिची नाही. आणि तुम्ही मला पुढे उभं केलंत, या घराचं नाव काढणारा मुलगा म्हणून. टाळ्याही वाजवल्यात. त्या मला परत करता येत नाहीत.

साहेब, तुमचा मुद्दा मला पटतो. मॅडम हे शास्त्र शिकून आल्यात याचा मला आनंद आहे. पोरांनी दरवेळी नशिबावर का राहावं? डेपोतून दरवेळी काकाच येतील असं नाही, आणि पोरगं जिन्यात बसलेलं मी पाहिलंय. तुम्ही जरूर विचारा, माणूस आधी कुठं होता, काय शिकलाय. फक्त जो जातोय त्यालाही थोडा वेळ थांबवा, आणि येणाऱ्याला तोंडानं सांगायला लावा. काकांच्या निरोपाच्या दिवशी मी एवढीच मागणी करतो. काका, तुम्ही आम्हाला कधी लाडाचं बोलला नाहीत. पण आमच्याबद्दल बोलताना तुम्हाला कधी अडखळावं लागलं नाही. आज मला किती अडखळावं लागलं ते तुम्ही बघितलंत, आणि मॅडमसमोर मला एका शब्दानं बोलला नाहीत. त्याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे.

टिकली, सकाळी मी खिडकीकडे बघून बोललो. आता तुझ्याकडे बघून बोलतो. पुढच्या वर्षी मी तुला नेणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षाचंही सांगत नाही. दार लावता येईल अशी खोली मिळाली की त्या दिवशी सांगेन, आधी नाही. तोवर तू इथं मॅडमकडे आहेस. लोंबकळत नाहीस.

अध्यक्ष महाराज, मला ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोललो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, विश्वस्त मंडळानं प्रवासाची सोय केली, मावशींनी न विचारता वाढलं, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात मानपान राहिला असेल, कुणाचा उल्लेख पुढेमागे झाला असेल, तर लांबून आलेला अडाणी मुलगा म्हणून पोटात घाला. बाकीच्याची माफी तुमच्याकडे मागून चालणार नाही. ती जिच्याकडे मागायची ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिला कुणी घाई करू नये, मीसुद्धा.

तिच्या शेजारची जागा रिकामी दिसतेय. मी खाली जाऊन विचारतो, बसू का म्हणून.