न उघडलेला रिपोर्ट

टेलरबाई : म्हणजे कंपनीनं तुला पाठवलेलं नाही. तू आपली आपण आलीस.

प्रोग्रामर : हो मावशी. कंपनीचं पत्र येईल चार दिवसांत, ‘तांत्रिक अडचणीमुळे’ वगैरे लिहिलेलं. पण तपासणी केंद्राच्या वेबसाइटचा तो भाग माझ्या हातचा आहे. तुम्हाला दुसऱ्याच बाईंचा रिपोर्ट दिसला तो माझ्यामुळे. नुसतं पत्र टाकून मोकळं होणं मनाला पटेना.

टेलरबाई : बस त्या स्टुलावर. कपडे सरकव बाजूला, पण टाचण्या बघून. आता सांग नेमकं काय झालं. मला समजेल असं सांग.

प्रोग्रामर : तुम्ही साइटवर येता, नाव-पासवर्ड टाकता, मग एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता. प्रत्येक वेळी साइटला लक्षात ठेवावं लागतं की समोर तुम्हीच आहात. त्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाची माहिती वेगळी ठेवायची असते. मी घाईत ती सगळ्यांच्या सामाईक जागेत ठेवली. मी एकटी तपासून बघायचे तेव्हा सगळं चोख चालायचं. पण दोघं एकाच वेळी आले की मागून आलेल्याची माहिती पहिल्याच्या माहितीवर लिहिली जायची.

टेलरबाई : अगं, हे मी पण करून बसलेय. दुकान नवीन होतं तेव्हा मापं पाटीवर लिहायचे. एकदा दोघी पाठोपाठ आल्या. मी एकीचं पुसून दुसरीचं लिहिलं आणि दोघींचे झगे त्याच मापानं बेतले. पहिलीचा तिच्या खांद्याखाली उतरेना. तेव्हापासून जितकी गिऱ्हाइकं तितक्या चिठ्ठ्या.

प्रोग्रामर : तुमचं कापडावर निभावलं. मी गेल्या सोमवारी सगळ्या नोंदी चाळल्या. असं एकदाच झालंय, महिन्यापूर्वी, सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी. साहेब म्हणाले, एकच प्रकार आहे, तक्रार कुणाची नाही, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. मी म्हटलं, ज्यांचा रिपोर्ट बाहेर गेला त्यांना कळायलाच हवं. बरीच बोलाचाली झाली. शेवटी पत्रावर तडजोड झाली.

टेलरबाई : आणि नोकरी?

प्रोग्रामर : आहे अजून. मावशी, तुम्हाला तो रिपोर्ट तुमचाच वाटला असेल तर... गेला महिना तुम्ही कसा काढला असेल, या विचारानं मला झोप नाही.

टेलरबाई : महिनाभर नाही गं, दोन-तीन मिनिटं. पण ती मात्र मोजून काढली. गाठ आहे, चांगली नाही, लगेच दाखवा, असं लिहिलेलं. परत परत तेच वाचलं. मग वयाच्या रकान्यात बेचाळीस दिसलं. मला बासष्ट पुरी झाली. तेव्हा कुठे वर नाव वाचलं. आपलं नाही म्हणून जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली. कुणाचं तरी होतंच ना ते. माझा मी दुसऱ्या दिवशी पाहिला. साखर जरा वाढलीय, बाकी ठीक.

प्रोग्रामर : खरी काळजी त्या दुसऱ्या बाईंची आहे. त्यांनी त्या सकाळी लॉगिन केलं, पण रिपोर्ट उघडलाच नाही. नंतरही कधी नाही. त्यांना ठाऊकच नसेल तर, मावशी? इथून त्यांच्याकडेच जाणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

टेलरबाई : तिला ठाऊक आहे.

प्रोग्रामर : कसं?

टेलरबाई : रिपोर्टवर तिचा फोन नंबर होता. दोन तास मशीनवर बसले, एक शिवण सरळ येईना. शेवटी लावला फोन. म्हटलं, बाई, तुमचा कागद चुकून माझ्याकडे आलाय. ती अशी भडकली, म्हणाली, माझ्या दुखण्यात नाक खुपसणाऱ्या तुम्ही कोण? आणि ठेवून दिला. बरोबरच होतं तिचं.

प्रोग्रामर : मग?

टेलरबाई : पंधरा मिनिटांनी तिचाच फोन आला. म्हणाली, सकाळी साइट उघडून बसले होते, पण रिपोर्टवर बोट टेकवायचा धीर होईना, तशीच बंद केली. तुम्ही वाचलाच आहे तर आता तुम्हीच सांगा. मी म्हटलं, फोनवर नाही सांगणार, तुम्ही आहात तिथे येते. ग्रंथालयात कामाला आहे ती. मागच्या खोलीत, पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर बसून सांगितलं. घरी म्हातारे वडील आहेत, त्यांना अजून पत्ता नाही. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर मीच होते.

प्रोग्रामर : ऑपरेशन झालंसुद्धा?

टेलरबाई : अठरा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आलात. डोळे पूस. अंगावर कपडे ढगळ होतात म्हणून आज मापाला येणार आहे. ही बघ, आलीच.

(ग्रंथपाल आत येते. प्रोग्रामर स्टुलावरून उठून उभी राहते.)

ग्रंथपाल : बसा हो, मला घाई नाही. तुमचं माप होऊ दे आधी.

टेलरबाई : ही मापाला नाही आली. त्या वेबसाइटचं काम करते. तुझा रिपोर्ट मला दिसला, तो हिच्या चुकीनं.

प्रोग्रामर : ताई, मी तुमच्याकडेच निघाले होते. मी माफी...

ग्रंथपाल : थांबा. आधी एक विचारते. ते दुरुस्त केलंत?

प्रोग्रामर : केलं. आता प्रत्येकाची माहिती ज्याची त्याच्यापाशी राहते. दोनशे माणसं एकदम आत सोडून तपासलं.

ग्रंथपाल : मग बरं झालं. मला राग नाही म्हटलं तर खोटं होईल. माझ्या वडिलांना जे माहीत नाही ते तुमच्या साइटनं एका परक्या बाईला सांगितलं.

प्रोग्रामर : हो.

ग्रंथपाल : आणि यांनी फोन केला नसता, तर मी आजही डॉक्टरांकडे गेले नसते, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एकदम मनात कशा बाळगायच्या ते मला अजून उमगत नाही.

प्रोग्रामर : मी काही करू शकते का, ताई?

ग्रंथपाल : तुमचं काम नीट करा. पुन्हा चूक झाली, तर प्रत्येकीचा रिपोर्ट काही यांच्याच हातात पडायचा नाही.