एंटरआधी मोठ्यानं विचारा

वहिनी : हात वर करा, भावोजी. माउसवरचाही.

दीर : वहिनी, दरोडा पडल्यासारखं काय ओरडता! रकान्यांचं मायग्रेशन फर्मास झालं. हिरवी अक्षरं आली.

वहिनी : कुठे झालं?

दीर : सरावाच्या डेटाबेसवर. जनावरांच्या डॉक्टरांचं काम हो. 'मालक' रकाना काढला, 'पालक' घातला. कुत्र्याचा मालक म्हटलं की लोक रुसतात म्हणे.

वहिनी : आणि जुन्या रकान्यातले नाव-नंबर?

दीर : ते दुपारी बघणार होतो. सरावच तर आहे.

वहिनी : मग डॉक्टर फोनवर माझ्या कानाशी का बोंबलतायत, की दवाखान्यात एकाही जनावराला वाली उरला नाही?

दीर : अरे बापरे. पण फाइलीत पत्ता सरावाचाच आहे! हा बघा!

वहिनी : फाइलीला कोण विचारतंय? सकाळी एका मांजराची नोंद बघायला स्क्रीनवरच्या याच काळ्या खिडकीत खऱ्या डेटाबेसचा पत्ता घातलात ना?

दीर : हो, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. तुम्हीच शिकवलंत. पत्ता, पासवर्ड प्रोग्रॅममध्ये कोंबायचे नाहीत, बाहेर ठेवायचे.

वहिनी : ठेवा म्हटलं, विसरा नाही म्हटलं. खिडकी बंद होईपर्यंत तो पत्ता जिवंत असतो. आणि तो असला, की फाइलीतल्याला कुत्रं विचारत नाही. सासू घरात असताना सुनेला विचारतात का? तसं.

दीर : हे आईला सांगू?

वहिनी : तोंड आवरा. एंटर दाबण्याआधी काय करायचं ठरलं होतं?

दीर : खिडकीला विचारायचं, 'कुठे आहेस?' आणि पत्ता छापून बघायचा. पण लाज वाटते हो! पलीकडे तो अकाउंटंट बसतो. चाळिशीचा बाप्या कॉम्प्युटरशी बोलतोय म्हणजे...

(वहिनी फोन स्पीकरवर टाकते.)

डॉक्टर : मॅडम, टेबलावर म्हातारा कुत्रा आहे. गिळलेला चेंडू काढायला पोट उघडलं, तर आत गाठ. तीही काढू का, हे त्याच्या आजींना विचारायचंय. तुमचा 'पालक' रकाना फार देखणा आहे, पण आत कुणी नाही! भूल उतरायच्या आत नंबर द्या.

वहिनी : देते. दोन मिनिटं.

दीर : वहिनी, रात्रीचा बॅकअप?

वहिनी : आत्ताच बघितला. त्याला कुणी पत्ताच दिला नव्हता, म्हणून गाढव महिनाभर सरावाचीच नक्कल उतरवतंय.

दीर : लावला कुणी होता?

वहिनी : मी. पुढे बोला.

दीर : मग वाचलो की आपण!

वहिनी : कसले? सरावात तुम्हाला खोटी नावं भरायला सांगितली होती.

दीर : भरत होतो हो. पण दहा कुत्र्यांतच डोकं आटलं. म्हणून काल संध्याकाळी खऱ्यातलंच सगळं सरावात ओतलं.

वहिनी : लोकांचे खरे नंबर? मी निक्षून नको म्हटल्यावर?

दीर : निक्षून म्हटलंत, म्हणून तर सांगितलं नाही.

डॉक्टर : अहो, घरचं भांडण घरी न्या! नंबर!

वहिनी : डॉक्टर, काल संध्याकाळनंतर नवं कोण आलं? ते सरावात नसणार.

डॉक्टर : एक पोपट. त्याची बाई बाकावरच आहे. तिचा नंबर पोपटसुद्धा सांगेल.

दीर : देतो, डॉक्टर, हा आत्ता...

वहिनी : थांबा! ती खिडकी बंद. नवी उघडा. आणि विचारा.

दीर : मोठ्यानं?

वहिनी : अकाउंटंटला ऐकू जाईल असं.

दीर : कुठे आहेस?

डॉक्टर : दवाखान्यात! कुठे असणार? कुत्र्याच्या पोटात हात आहे माझा!

दीर : तुम्हाला नाही हो! खिडकी सरावात आहे म्हणतेय. घ्या आजींचा नंबर...

डॉक्टर : मिळाला... लागला... आजी काढा म्हणतायत. आणि चेंडू फेकू नका, आवडता आहे त्याचा. ठेवतो.

वहिनी : हुश्श. बसा आता. नाव-नंबर पालकात परत घाला. माझ्यासमोर.

दीर : घातले. पोपट धरून सगळे. आणि सरावातले खरे नंबर पुसून टाकले. वहिनी... ही माझी चौथी नोकरी. आईला काय सांगू?

वहिनी : सांगा, उद्यापासून कुत्र्यामांजरांची खोटी नावं लिहायचं काम लागलंय.

दीर : म्हणजे येऊ?

वहिनी : या. आता तो बॅकअप उघडा.

दीर : उघडला. विचारू?

वहिनी : सरका. ह्याला मी विचारते. मोठ्यानं.