सुमनताईंचा 'द'

तुम्ही हसाल, पण आमच्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात एका 'द'वरून भांडण लागलं होतं. माझ्या शेजारच्या बाकावर पेठ वडगावच्या सुमनताई बसायच्या. पंपाच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून द्यायचं, नवऱ्याचं दुकान तो गेल्यावर त्यांनीच चालवलं.

तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख सांगायची होती. ताई उभ्या राहिल्या आणि खणखणीत म्हणाल्या, "आय अ‍ॅम द मोटार रिवाइंडर."

सर म्हणाले, "द न्हाय ताई, अ. अ म्हणजे अनेकांतली कुणीतरी एक."

"अनेक कुठं हायत, सर? वडगावात हे काम करणारी बाई मी एकटीच हाय."

"ओळख सांगताना अ म्हणतात. म्हणा, न्हायतर नापास करावं लागंल."

पंपाची एजन्सी घ्यायला ताईंना क्लास पास झाल्याचं सर्टिफिकेट हवं होतं.

"करा की नापास," ताई म्हणाल्या. "रोज गिऱ्हाईक येतंय आणि मलाच विचारतंय, मिस्त्री कुठाय? सात वर्षं सांगतेय, मीच हाय. कुणीतरी एक म्हणवून घ्यायला मी इंग्रजी शिकाय आले न्हाय."

सरांनी खडू उचलला. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आय अ‍ॅम द ओन्ली वुमन मोटार रिवाइंडर इन पेठ वडगाव.' म्हणाले, "असं म्हणा. ओन्ली आलं की द लागतोच."

ताईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि खाली बसता बसता म्हणाल्या, "म्हंजे द माझा बरोबरच हुता. ओन्ली तुमीच शिकवायचं ऱ्हायलं हुतं."