निघाले, भात टाक

आमच्या नीलिमाचा भात तुम्हाला कधी सांगितला नाही का रे?

कॅम्प चार या सिंधी वस्तीत एका कापडाच्या दुकानावर आमचं एसएमएसचं ऑफिस होतं. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे शिफ्टचे मेसेज आम्ही कामगारांना पाठवायचो. प्रत्येक मोबाइल कंपनीसाठी वेगळा कोड, नुसती खिचडी. नीलिमाने ते सगळं मोडून सगळ्या कंपन्यांना चालेल असा एकच प्रोग्राम लिहिला. पत्ते, पासवर्ड सेटिंगच्या एका फाइलमध्ये आणले. सर्व्हर चालू झाला की आधी एक टेस्ट मेसेज जायचा. त्यात तिने कुळगावच्या आपल्या आईचा नंबर घातला आणि मजकूर लिहिला, 'निघाले, भात टाक.' तो तसाच राहिला.

तेव्हाचं लोडशेडिंग आठवतंय ना? लाइट आली की सर्व्हर आपोआप चालू, आणि कुळगावात भात! शेवटी आईंचा ऑफिसात फोन, "नीलू, कितीदा निघतेस गं? पातेली संपली माझी!"

नीलिमा लाजून नंबर काढायला बसली, तर आमचे सिंधी शेठ ओरडले, "हाथ मत लगाना बेटा! सर्व्हर चालू हुआ कि नहीं, अब माई बताएगी."

आणि खरंच, एका रविवारी ऑफिस बंद, कॅम्पात लाइट गेलेली, सोमवारच्या शिफ्टचे मेसेज जायचे होते. शेठनी घरून आईंना फोन लावला, "माई, नीलिमा निकली क्या?"

मेसेज नुकताच आला होता. शेजारीच वाटाणे सोलत बसलेल्या नीलिमाकडे बघत आई म्हणाल्या, "हां, अभी निकली."

परवा नीलिमा भेटली. म्हणाली, "आता सर्व्हर उठला की दहा जणांना अलर्ट जातो रे. पण भात टाकायला कोणी नाही."