तर्रीच्या तळाचा नकाशा

अरे, ऐका नं! मी समुद्रातले खेकडे मोजाच्या बोटीवर नोकरीले हाय. सुट्टीत अकोल्याले आली, तं जठारपेठेत तर्री-पोहे खाता खाता मैत्रीण म्हणे, "खेकडे मोजाले समुद्राच्या तळाचा नकाशा कायले लागते वं?"

मले असा जोश आला, पोहेवाल्या काकाची पळीच हिसकली! "हा तर्रीचा गंज म्हणजे समुद्र, चने म्हणजे खेकडे. इकडं पळी घातली, एक चना नाही. तिकडं बुडाले खळगा हाय, तं पळीभर चने! म्हून पयले तळ पाहा लागते, मंग अंदाज सांगा लागते."

सारे गिऱ्हाईक गंजावर वाकले. "काका, आमाले खळग्यातलं द्या!"

काकानं पळी ओढून घेतली. "बाई, तू समुद्रातच जाय. माह्या धंद्याचा तळ कोनाले दाखवू नको!"