चित्रातल्या बायनाबाईला हार

मांजरसुंब्याच्या थांब्यावर सत्यभामा चतुर्थीचा जप करीत बसली होती. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलू लागल्या आणि तिची माळ बोटांतच थांबली.

“बायनाबाई, कारखान्यावरच्या पोरानं दुष्काळात काढलेल्या तुज्या चित्राला दिल्लीचं पैलं बक्षीस लागलं म्हनं! काल कारखान्यावर सोहळा झाला, तू कावून गेली न्हाईस?”

“बोलवितंय कोन? आपलीच गेलते. दारातून बघते तर चेरमननं चित्राला हार घातलेला, म्होरं उदबत्ती!”

“अगं बया! जित्या माणसाच्या?”

“त्येला वाटलं, दुष्काळात गेली म्हातारी. समदे उभे राहिले. चेरमन तर रडला बी.”

“वरडायचं न्हाई का, मी हाय म्हनून?”

“वरडणारच होते. तेवढ्यात त्यो म्हनला, बायनाबाईच्या आठवणीत तिच्या वस्तीवर रोज टँकर धाडतो.”

“आन् धाडला?”

“आज सकाळीच आला. जित्तेपणी अर्ज देऊन देऊन चपला झिजल्या माज्या.”

“मंग आता गं?”

“आता पाऊस पडंस्तोवर मी मेलेलीच. टँकर आला की घरात दडते. माजा हंडा तू भर.”

तेवढ्यात कारखान्याची जीप थांब्यापाशी हळू झाली. बायनाबाईनं पदर तोंडावर ओढला. सत्यभामा उठली आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.